आप्पांच्या खोक्याची नळी

मार्च अर्धा सरला की आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाला मोहर येतो, समोरच्या घरातली मुलगी पुस्तक घेऊन गच्चीच्या सावलीत येरझाऱ्या घालायला लागते, आणि नेमकी त्याच दिवसांत कुणाची ना कुणाची मिरवणूक निघते. परवाही निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाहून उंच काळी खोकी रचलेली. ती गल्लीच्या तोंडाशी आली तशा माझ्या खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, मांडणीवरचे डबे एकमेकांवर आपटू लागले. समोरच्या मुलीनं पुस्तक मिटलं आणि कानांत बोटं घालून ती जिन्यात जाऊन बसली. मी चिडून खिडकी लावायला उठले, आणि लावता लावता मनात आलं ते असं: यांची नळी चुकलीय. नुसतं घुमतंय. कुणी हिशेब केलेला नाही.

मग मी स्वतःवरच वैतागले. सत्तरी गाठली, जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, आता डोळ्यांत थेंब घालायची वेळ लक्षात राहत नाही. आणि अजून एखादं खोकं घुमलं की माझं डोकं आपोआप नळीची लांबी काढायला बसतं. याचं श्रेय माझ्या शिक्षणाला नाही. ही आप्पांनी, माझ्या वडिलांनी, लावलेली खोड आहे.

ज्यांनी असं खोकं कधी आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. स्पीकरचा पडदा पुढं हलतो तेव्हा समोरची हवा ढकलतो आणि मागं येतो तेव्हा मागची. मागची मेहनत खोक्यात कोंडून वाया जाऊ नये म्हणून खोक्याला एक भोक पाडतात आणि त्यात आतल्या बाजूला एक नळी बसवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली हूं करते, तसा त्या खोक्याला स्वतःचा एक सूर येतो. नळी लांब केली की सूर खाली जातो, आखूड केली की वर. तो सूर स्पीकरच्या स्वभावाशी जुळला तर डग्गा पोटात वाजल्यासारखा ऐकू येतो. नाही जुळला तर सगळं गाणं हौदात पडल्यासारखं होतं. म्हणजे काम एवढंच, की नळी किती लांब ठेवायची ते काढायचं.

या ‘एवढंच’नं माझी बी.एस्सी.ची परीक्षा खाल्ली.

तेव्हा आम्ही मिलच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. आप्पा साचेखात्यात जॉबर होते. साचे म्हणजे माग. एका ओळीतले माग त्यांच्या हाताखाली असायचे, ते बिघडले की चालू करून द्यायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, अक्कलकोटच्या पलीकडची. तिची बोली कानडी, आप्पांची अर्धी कानडी अर्धी मराठी, आणि मी शाळेत शुद्ध मराठी शिकून आलेली. आमच्या घरात एक वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसऱ्या भाषेत संपायचं आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

त्या वर्षी गुलबर्ग्याच्या रेडिओवरच्या बायकांच्या कार्यक्रमाला जात्यावरची जुनी कानडी गाणी हवी होती. अव्वाच्या माहेरच्या चार बायका जाणार होत्या, त्यांनी अव्वालाही ओढलं. आमच्या घरी पीठ गिरणीतून यायचं, जातं कधीच माळ्यावर गेलं होतं. पण गाणी तिच्या तोंडात होती. भाकरी थापताना, कपडे पिळताना ती हलक्या आवाजात म्हणायची. सकाळच्या पॅसेंजरनं ती गेली, दुसऱ्या दिवशी परत आली, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल तिनं सांगितलं ते एवढंच, की खोली थंडगार होती आणि तिथल्या लोकांनी भिंतींना गाद्या लावल्यात. गाणं एप्रिलमध्ये एका दुपारी लागणार होतं. ती दुपार माझ्या शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवसाची निघाली.

आप्पांनी ते ऐकलं आणि आमच्या रेडिओकडं बघितलं. हस्तिदंती रंगाचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला लहानसा रेडिओ होता तो. हल्ली तो नीट बोलत नाही अशी त्यांची तक्रार होतीच. सहा महिन्यांत त्यांनी तो तीनदा दुरुस्तीला नेला होता आणि तिन्ही वेळा दुरुस्ती करणाऱ्या बशीरभाईंनी त्यात काही बिघाड नाही असं सांगून परत दिला होता. आप्पा म्हणाले, “ह्या डबड्यातनं तुझ्या अव्वाचं गानं ऐकायचं न्हाय. चांगलं खोकं बनवू.”

बशीरभाई हा माझ्या त्या उन्हाळ्यातला दुसरा वैताग. भागवत-हरदासांच्या कार्यक्रमांना आणि लग्नांना ते कर्णे भाड्यानं द्यायचे, बाकी वेळ रेडिओ उघडून बसायचे. माणूस प्रेमळ, आप्पांचा लहानपणापासूनचा सोबती. पण ठाऊक नाही असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. करकंबकडं एक फिरतं टॉकीज बंद पडलं होतं. त्याचा मोठा थोरला स्पीकर त्यांनी आप्पांना मिळवून दिला, जुना ॲम्प्लिफायर उसना दिला, आणि जाता जाता ते वाक्य टाकून गेले ज्यानं पुढं सगळा घोळ केला. “सिद्राम, नली सही बैठी ना, तो एक एक लफ्ज काच के माफिक आता देख.”

शब्द काचेसारखे स्वच्छ येतील. हे साफ खोटं होतं. नळीचा संबंध जाड आवाजाशी, डग्ग्याशी, ढोलाशी. शब्द ज्यांनी कळतात ते स, त, च, क हे आवाज बारीक असतात. त्यांना नळी असली काय, नसली काय. मी त्याच वेळी तसं सांगितलं. आप्पांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून नळीच्या मागं लागले.

मिलमध्ये यंत्रांचे भाग ज्या जाड फळ्यांच्या पेट्यांतून येत त्या फळ्या त्यांनी आणल्या. पुढच्या खोलीत ट्रंकेच्या जागी खोकं उभं राहिलं. ट्रंक माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्यात आली आणि मी दारात गेले. दाराला अव्वानं ओली चादर टांगलेली असायची. तिच्यातून येणारा वारा पहिला अर्धा तास गार असे, मग चादर वाळून कडक व्हायची आणि उन्हाचा भपकारा सरळ वहीवर. त्या वहीत प्रकाशाचे आणि विजेचे प्रश्न असायला हवे होते. अर्ध्या पानांवर खोकं होतं.

हिशेब तसा अवघड नव्हता. बाटलीच्या हुंकाराचा प्रयोग आम्ही प्रयोगशाळेत केलेलाच होता. नळीचं तोंड केवढं, खोक्यात हवा किती, हवेत आवाजाचा वेग किती आणि सूर कोणता हवा, एवढं कळलं की लांबी निघते. सूर ठरवायला स्पीकर कॉलेजात न्यावा लागला. तो सायकलच्या मागं चादरीत बांधून आप्पा सायकल ढकलत होते आणि मी मागून तो धरून चालत होते. कॉलेजच्या फाटकाशी माझ्या वर्गातल्या दोघी भेटल्या. त्यांनी विचारलं, आप्पांनी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. सरांनी स्पीकर यंत्राला जोडून त्याचा स्वतःचा कंप मोजून दिला आणि मला म्हणाले, परीक्षा झाल्यावर कर हे. मी म्हटलं, सर, तुम्हीच सांगा ना यांना. सरांनी आप्पांकडं बघितलं, आणि बहुधा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून स्पीकर परत चादरीत बांधायला लागले.

घरी येऊन मी खोक्याची मापं विचारली. आप्पांनी सांगितली. मी हिशेब केला. उत्तर आलं इंचभरही नाही.

नळी म्हणून त्यांनी मिलच्या फोल्डिंग खात्यातून पुठ्ठ्याचा जाड पोकळ दांडा आणला होता, ज्यावर कापड गुंडाळतात. करवतीनं त्याचा तुकडा पाडला आणि हातात धरून म्हणाले, “ही नळी हाय का बांगडी?”

बांगडीच होती. कारण त्यांनी मापं बाहेरून दिली होती. हवा आत असते, खोक्याच्या बाहेर नाही, हे मी त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले की मग आतून घ्यायची असं सांगायचं की. फळ्या इंचभर जाड होत्या, म्हणजे आत बरीच कमी जागा निघाली. हवा कमी की नळी लांब. नवा हिशेब, दोन इंचांच्या वर उत्तर. तोवर बांगडी डिंकानं चिकटवून झालेली. ती काढली, दांड्याचा दुसरा तुकडा पाडला, बसवला, आणि मग मला दाखवायला खोक्याचं मागचं दार उघडलं, तर आत दोन आडव्या पट्ट्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांत लाकडाचे ठोकळे. मी विचारलं, हे कधी मारलं? काल, म्हणाले. खोकं थरथरू नये म्हणून. चांगली गोष्ट होती, पण ठोकळे जागा खातात. हवा आणखी कमी, नळी आणखी लांब.

आणि कापलेली नळी काही लांब होत नाही. लांब असती तर कापता आली असती. पण त्या उन्हाळ्यात प्रत्येक वेळी माझं उत्तर वाढायचं आणि प्रत्येक वेळी आप्पांनी आधीच्या उत्तराची नळी कापून तयार ठेवलेली असायची. मी म्हणायचे, आधी जरा लांबच ठेवा, मग कमी करत जाऊ. त्यांना ते पटायचं नाही. हिशेब केलाय तर हिशेबाप्रमाणंच कापायचं, नाहीतर हिशेब कशाला, असं त्यांचं म्हणणं. साच्यावर काम करणारा माणूस, अंदाजपंचे काही ठेवणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं. वाया गेलेल्या तुकड्यांवर अव्वानं गोल बुडाची भांडी ठेवली. मोठ्या तांब्याला एक, ताकाच्या गाडग्याला एक.

चौथ्यांदा चूक माझी होती, आणि ती मी कबूल न करता दुरुस्त करू शकले असते. पण डोकं इतकं फिरलं होतं की मीच बोलून गेले. आवाजाचा वेग हवा किती तापलीय त्यावर असतो. पुस्तकातला आकडा गार खोलीचा. आमच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये मेणबत्ती उभी राहायची नाही. तापलेल्या हवेचा वेग धरला तर नळी पुन्हा वाढत होती, तीन इंचांच्या जवळ. आप्पांनी शांतपणं विचारलं, मग पावसाळ्यात काय करायचं? मी वही मिटली आणि म्हटलं की पावसाळ्यात मी या घरात नसेन. ते म्हणाले, “कुटं निगालीस?” आणि खरोखर उत्तराची वाट बघत राहिले.

हे सगळंही मी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते शब्दांचं.

दर वेळी नळी बसली की चाचणी व्हायची. सकाळच्या बातम्या लावायच्या. आप्पा खोक्यासमोर मांडी घालून बसायचे, एक तळहात खोक्याच्या कडेवर, मान तिरकी, डोळे मिटलेले. बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज चाळीच्या टोकापर्यंत जायचा. पलीकडच्या खोलीतले लोक आमच्याच रेडिओवर बातम्या ऐकायचे. आणि बातम्या संपल्यावर आप्पा डोळे उघडून सांगायचे, “आवाज लई भारी येतोय. पन बाई काय बोलतीया ते कळंना.”

मी सांगायची, बाई काय बोलतेय ते मला कळलं, शेजाऱ्यांना कळलं. ते म्हणायचे, नळी अजून बसली न्हाय. मी सांगायची, नळीचा आणि शब्दांचा संबंध नाही. एकदा मी त्यांना पहिल्यापासून समजावायचं ठरवलं. म्हटलं, “आप्पा, नळी फक्त खर्जासाठी असते.”

ते म्हणाले, “कर्जाचं काय मधीच?”

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं ‘ख’ला ‘क’ म्हणतातच, तेव्हा ते तसंच ऐकणार असं मला वाटलं. खर्ज म्हणजे काय हे सांगण्यात दहा मिनिटं गेली, आणि शेवटी त्यांनी विचारलं की मग शब्दांसाठी नळी केवढी ठेवायची.

बशीरभाई संध्याकाळी चहाला येत आणि आगीत तेल ओतून जात. त्यांच्या मते नळी वीतभर हवी होती. कुणाची वीत, असं मी विचारलं तर म्हणाले, मेरी. बार्शीच्या कुठल्या लग्नात त्यांनी वीतभर नळीवर काय ऐकवलं होतं त्याची कहाणी मी तीन वेळा ऐकली, आणि दर वेळी त्या लग्नातला नवरदेव वेगळा होता.

एका दुपारी मी दारात वाचत होते. आप्पा पाठमोरे बसून नवा तुकडा कापायच्या तयारीत. वही चाळताना मला दिसलं की एका ठिकाणी मी इंचांचे सेंटिमीटर करायचे विसरले होते. मी म्हटलं, आप्पा, थांबा, कापू नका. करवत चालू झाली. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. करवत चालूच. तिसऱ्यांदा मी ओरडले तेव्हा खाली अंगणात कुरडया घालणाऱ्या बायकांनी वर बघितलं, पण आप्पांनी मान वळवली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. मला वाटलं, हा माणूस माझं ऐकायचंच नाही असं ठरवून बसलाय. मिलमध्ये कुणी ऐकत नाही म्हणून घरी आपला हेका. अव्वा आतून म्हणाली, “साकु, नंदा.” साकु म्हणजे पुरे, नंदा म्हणजे मी. मग ती पिठाच्या हातानं बाहेर आली, त्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, थांबा जरा. करवत थांबली. आप्पांनी मला विचारलं, काय झालं. मी म्हटलं की मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, “मला न्हाय सांगितलंस.”

बायकोचं एका शब्दात ऐकतात आणि लेकीचं नाही, या विचारानं मी त्या दिवशी जेवले नाही. नळी मात्र पुन्हा कापली गेली. ती तीन इंचांना दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. तीच शेवटची.

गाण्याचा दिवस आला. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, डांबर मऊ झालेलं. आप्पांची पाळी बदलून घेतलेली होती. दाढी केलेली, धुतलेला सदरा. बशीरभाई आपला हिरवा चौकडीचा रुमाल मानेवर टाकून आले आणि तारा पुन्हा एकदा तपासून भिंतीला टेकून बसले. मी माझं पुस्तक उघडं ठेवून दारात. दुसऱ्या दिवशी पेपर, पण वाचत काही नव्हते. मला आधीच दिसत होतं काय होणार ते. गाणं होईल, शेवटी आप्पा डोळे उघडतील आणि म्हणतील, आवाज भारी आला, पन काय म्हनली ते कळंना. आणि मग मी काहीतरी बोलून बसेन, अव्वाच्या देखत.

अव्वा आतून हात पुसत आली. तिनं खोक्याकडं बघितलंही नाही. ती खोक्याकडं पाठ करून आप्पांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आमच्याकडं बायका परक्या माणसासमोर नवऱ्याच्या इतक्या जवळ बसत नसत. बशीरभाईंनी नजर छताकडं नेली. आप्पांनी हात खोक्यावर ठेवला आणि सवयीनं डोळे मिटले. अव्वानं त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारली. त्यांनी डोळे उघडले. तिनं बोटानं स्वतःच्या तोंडाकडं खूण केली.

गाणं लागलं. खोक्यातून पाच बायकांचा आवाज आला आणि त्यांच्यातून अव्वाचा एकटीचा वर निघाला. खरं सांगते, सुंदर येत होता. मागं खरंच जातं फिरवलं होतं त्यांनी, आणि त्या दगडाची घरघर जमिनीतून माझ्या तळव्यांना लागत होती. सगळ्या वैतागातही माझ्या मनात आलं की हिशेब बरोबर आहे. मग माझं लक्ष अव्वाच्या तोंडाकडं गेलं. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. खोक्यातली अव्वा जे म्हणत होती ते समोरची अव्वा नुसत्या ओठांनी, एकेक अक्षर सुटं करून, आप्पांना सांगत होती. आणि आप्पा तिच्या ओठांवरून नजर हलवत नव्हते.

लहानपणी मी मिलमध्ये त्यांचा डबा घेऊन जायची. साचेखात्याच्या दारापासूनच असा आवाज सुरू व्हायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. तिथली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलायची. ओठ मोठे करून, हातांनी, भुवयांनी. मला ते माकडचेष्टांसारखं वाटून हसू यायचं. शेकडो माग एकदम चालतात तिथं वीस-बावीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाच्या कानांतून आधी काय जातं, हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. बारीक आवाज जातात. जाड राहतात. दोन महिने मी त्यांना हेच तर समजावत होते, खोक्याबद्दल.

गाणं माहेरच्या वाटेचं होतं. सासुरवाशीण वाटेवरच्या बाभळी मोजते, मधल्या ओढ्याला नावं ठेवते, भावाची बैलं आळशी आहेत म्हणते. अशा गाण्यांत बायका आपल्या माणसांची नावं गुंफतात. शेवटाकडं अव्वाचा आवाज थोडा खाली आला आणि तिनं म्हटलं की त्या वाटेनं मला न्यायला कुणी आलं नाही तरी चालेल, परत न्यायला माझा सिद्रामप्पा येतो.

अव्वानं आप्पांचं नाव कधीही घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. ‘हे’, ‘नंदाचे आप्पा’, ‘घरातले’. तिनं ते गुलबर्ग्याच्या गाद्या लावलेल्या खोलीत घेतलं होतं, जिथं ते नव्हते. आता ते सगळ्या मुलखाला ऐकू गेलं होतं, आणि ज्याचं होतं त्याच्यापर्यंत पोचलं की नाही याची तिला खात्री नव्हती. म्हणून तिनं ओठ पुन्हा हलवले. गाणं पुढं गेलं होतं, ती नाही गेली. तिनं ते नाव आणखी एकदा, सावकाश, आवाज न करता घेतलं.

आप्पांचा हात खोक्यावरून खाली आला. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. मग बशीरभाईंना म्हणाले, “नाव घेतलं की रं हिनं.”

निवेदकाचं बोलणं सुरू झालं. बशीरभाईंनी रेडिओ बंद केला. अव्वा उठून आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. आप्पा माझ्याकडं वळले. चेहरा उजळलेला. म्हणाले, “बग, मी म्हनत हुतो का न्हाय? नळी बसली की शब्द फुटत्यात. एक न् एक कळला.”

बशीरभाई म्हणाले, मै क्या बोला था.

माझ्याजवळ दोन महिन्यांचं उत्तर तयार होतं, सूत्रासकट. मी म्हटलं, “व्हय आप्पा. बसली.”

दुसऱ्या दिवशीचा पेपर बरा गेला. सेकंड क्लास मिळाला, सर म्हणाले तसं आधी अभ्यास केला असता तर बहुधा फर्स्ट आला असता. पुढं मी बी.एड. केलं, नोकरीला लागले, आप्पांना आग्रह करकरून कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दिलेलं यंत्र आप्पांनी आयुष्यभर सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्यातून घरातल्या पंख्याचासुद्धा साचा होतो, असं त्यांचं म्हणणं. खोकं चाळीतून पुढच्या घरी आलं. कुणी पाहुणा आला की ते त्याला ते दाखवायचे, मागचं दार उघडून नळीवर बोट ठेवायचे आणि सांगायचे की आमच्या पोरीनं हिशेब केला, शब्द न् शब्द काचेसारखा येतो. पाहुणा माझ्याकडं कौतुकानं बघायचा. ज्या बाईनं जन्मभर मुलांना नळीचा आणि शब्दांचा संबंध नाही असं शिकवलं, ती त्याच्यापुढं चहाचा ट्रे धरायची.

आज ते दोघंही नाहीत. पण त्या परीक्षेच्या वर्षी, निकाल लागायच्या आधी, एका सकाळी अव्वा आणि मी पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होतो. आप्पा कामावर गेलेले. मी तिला विचारलं की त्यांना ऐकू येत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं, आणि माहीत होतं तर मला सांगितलं का नाहीस, माझे दोन महिने गेले. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी फार बाळबोध विचारलंय.

म्हणाली, “माहीत काय असायचंय त्यात? आतनं हाक मारली की ते येईनासे झाले. मग मी हाक मारायची सोडली, त्यांच्यापाशी जाऊन बोलायला लागले. तेवढं चालणं वाढलं माझं.”